मूठ, फंड आणि हिशेब



गटाच्या बैठकीत हल्ली एक शब्द सारखा कानावर येतो, तो म्हणजे ‘फंड’. कुठल्या तरी कंपनीचा फंड आला आणि आश्रमशाळेला गाद्या मिळाल्या. फंड संपला आणि अपंग मुलांना शिकवणाऱ्या ताई घरी बसल्या. एखादी संस्था चांगली चालली तर आपण म्हणतो, त्यांना फंड मिळतो. बंद पडली तर म्हणतो, फंड खाल्ला असेल. पण हा पैसा येतो कुठून, कोणाला द्यायचा ते कोण ठरवतं आणि त्याचा हिशेब कोण बघतं, हे आपण क्वचित विचारतो. आज आपण नाशिक जिल्ह्याच्या बाजूने हा इतिहास पाहू. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, आणि मधेमधे पुण्या-साताऱ्याकडेही डोकवावं लागेल.

चांदवडकडच्या मैत्रिणींना होळकरांचा रंगमहाल माहीत आहे. अहिल्याबाई होळकरांनी 1767 ते 1795 अशी अठ्ठावीस वर्षं राज्यकारभार पाहिला. घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं ही त्यांची कामं देशभर आहेत. त्यांच्या दानधर्माबद्दल आपण पुष्कळ ऐकतो, पण त्यांच्या हिशेबाबद्दल कमी ऐकतो. होळकरांकडे पैशाची दोन खाती होती. एक ‘दौलत’, म्हणजे राज्याचा पैसा. दुसरी ‘खासगी’, म्हणजे घरच्या बायकांच्या नावाने असलेल्या गावांचं उत्पन्न. ही खासगी अहिल्याबाईंच्या आधी त्यांच्या सासूबाई गौतमाबाईंकडे होती. अहिल्याबाईंनी दानधर्म केला तो या खासगीतून. राज्याचा पैसा वेगळा आणि दानाचा पैसा वेगळा. ही वाटणी इतकी पक्की होती की, स्वातंत्र्यानंतर संस्थानं गेली तरी या खासगीच्या धर्मादायासाठी 1962 साली इंदूरला ट्रस्ट झाला.

यात एक गोष्ट आजच्या आपल्या गटालाही लागू पडते. मदतीचा पैसा घरखर्चात किंवा दुसऱ्या खात्यात मिसळला की तो कुठे गेला ते कळत नाही. वेगळा ठेवला तर माणसं गेली तरी तो राहतो. पण त्या काळच्या दानाची एक मर्यादाही होती. कोणाला द्यायचं ते देणाऱ्याच्या मनावर होतं. घेणाऱ्याला विचारायची पद्धत नव्हती. आणि त्या वेळच्या धर्मशाळांत, पंगतींत जातीची शिवाशिव होती. ज्याला सगळ्यात जास्त गरज, तोच बहुधा दाराबाहेर राहायचा.

हे दार उघडण्याचं काम सत्यशोधकांनी हाती घेतलं. जोतिराव फुल्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज काढला. चारच वर्षांत, 1876-77 ला मोठा दुष्काळ पडला. त्या वेळी सावित्रीबाई जुन्नरकडच्या ओतूरला होत्या. तिथून त्यांनी 20 एप्रिल 1877 ला जोतिरावांना पत्र लिहिलं. त्यात दुष्काळाने लोकांचे काय हाल चालले आहेत आणि आपली माणसं मदतीला कशी उभी राहिली आहेत, हे त्यांनी कळवलं आहे. त्याच वर्षी पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम सुरू झाला. त्यासाठी लोकांना मदतीचं आवाहन केलं गेलं. इथे देणारा कोणी राजा नव्हता. गावोगावच्या लोकांनी थोडं थोडं दिलं आणि भुकेलं मूल कोणत्या जातीचं हे विचारलं नाही.

आता नाशिक शहरात येऊ. न्यायमूर्ती रानड्यांची बदली नाशिकला झाली होती, तेव्हा रमाबाई रानडे तरुण होत्या. इथल्या हायस्कुलातल्या एका समारंभाला त्यांना पाहुण्या म्हणून बोलावलं. चारचौघांत बोलण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. ते भाषण रानड्यांनी लिहून दिलं होतं. याच रमाबाईंनी पुढे 1909 साली पुण्याला सेवासदन उभं केलं. विधवा आणि निराधार बायकांना त्यांनी शिकवलं, नर्सचं शिक्षण देऊन पायावर उभं केलं. हिंगण्याला महर्षी कर्व्यांची संस्था होती. तिच्यासाठी पार्वतीबाई आठवले गावोगाव फिरून पैसे गोळा करायच्या. त्या स्वतः विधवा होत्या. संस्थेच्याच कामासाठी इंग्रजी शिकायला म्हणून त्या 1918 साली अमेरिकेलाही गेल्या. बाईने घराबाहेर पडून वर्गणी मागणं त्या काळी किती अवघड होतं, ते आज बचत गटाच्या कर्जासाठी पहिल्यांदा बँकेत गेलेल्या कुठल्याही बाईला समजेल.

मैत्रिणींनो, आता 1914 हे साल लक्षात ठेवा. त्या साली नाशिकला मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था निघाली. आपण तिला मविप्र म्हणतो. आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलं तिच्या शाळा-कॉलेजांत शिकली आहेत. शेतकऱ्याच्या पोराला शहरात शिकायचं तर राहायचं कुठे आणि जेवायचं काय, हा तेव्हा खरा प्रश्न होता. म्हणून आधी वसतिगृहाचा विचार झाला. धारचे महाराज उदाजीराव पवार यांच्या नावाने उदोजी मराठा बोर्डिंग उभं राहिलं. त्याच्या इमारतीची कोनशिला बसवायला 1920 च्या एप्रिलमध्ये राजर्षी शाहू महाराज नाशिकला आले होते. रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे अशा कर्त्या माणसांनी ही संस्था वाढवली. संस्थेला सभासद केले, त्या सभासदांना मताचा हक्क दिला. आजही मविप्रची निवडणूक आली की जिल्हाभर पंचायतीच्या निवडणुकीसारखी चर्चा होते. त्या चर्चेत राजकारण असतं हे खरं. पण ज्यांच्या पैशावर संस्था उभी, त्यांना कारभाऱ्यांना प्रश्न विचारता येतो, हेही तितकंच खरं.

शहरात दलित मुलांसाठी शाहू छत्रपती बोर्डिंग होतं. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड तिथे अधीक्षक होते. पुढे 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात ते आघाडीवर होते. म्हणजे ज्या बोर्डिंगात मुलांच्या भाकरीची सोय लागली, तिथूनच हक्क मागणारी माणसंही तयार झाली.

याच 1914 साली दूर अमेरिकेत क्लीव्हलंड नावाच्या शहरात फ्रेडरिक गॉफ या बँकेच्या माणसाने एक नवी पद्धत काढली. त्याला एक अडचण दिसत होती. श्रीमंत माणसं मरताना मृत्युपत्रात लिहून ठेवत, माझा पैसा अमुकच कामाला वापरा. पुढे काळ बदलायचा, ते काम उरायचं नाही आणि पैसा पडून राहायचा. तिकडच्या सेंट लुईस शहरातलं उदाहरण सांगतात. तिथे एका गृहस्थाने पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या गरीब वाटसरूंसाठी मोठी मालमत्ता ठेवली. पुढे रेल्वे आली, तसे वाटसरू येईनासे झाले. पैसा मात्र त्यांच्याच नावाने अडकला. गॉफने ठरवलं की, शहरातल्या अनेकांनी आपापलं दान एकाच ठिकाणी ठेवावं, बँकेने ते सांभाळावं आणि कोणत्या संस्थेला किती द्यायचं ते शहरातल्या लोकांच्या समितीने दरवर्षी गरज बघून ठरवावं. इंग्रजीत याला कम्युनिटी फाउंडेशन म्हणतात. आपल्या भाषेत लोकनिधी म्हणू. आज जगात अनेक देशांत असे लोकनिधी आहेत. भारतात पहिला म्हणून मुंबईच्या बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्टचं नाव घेतलं जातं. तो 1991 साली निघाला.

पण असा लोकनिधी आपल्याकडे नावाशिवाय आधीच होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यात काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. एवढ्या मुलांना धान्य कुठून आणायचं? त्यासाठी मुष्टिफंड निघाला. बाईने दळणाला बसताना किंवा स्वयंपाकाला लागताना एक मूठ धान्य वेगळं काढून ठेवायचं आणि ते बोर्डिंगसाठी गोळा करायचं. एका मुठीने कोणाचं घर रिकामं होत नाही. पण गावोगावच्या मुठी एकत्र आल्या की शेकडो मुलांची ताटं भरतात. आणि जेव्हा मुठीही पुरल्या नाहीत, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. 1930 साली त्या गेल्या.

या सगळ्या इतिहासात आपल्याला एक गोष्ट खटकते. मूठ काढली बायकांनी, डाग मोडले बायकांनी, दारोदार फिरल्या बायका. पण फंड कुठे जायचा हे ठरवणाऱ्या कमिटीत बाई फार क्वचित दिसते. संस्थांच्या इमारतींना ज्यांची नावं आहेत, त्यांत मोठ्या संख्येने पुरुषच आहेत. हे कोणाला दोष देण्यासाठी आम्ही सांगत नाही. त्या सगळ्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण मूठ देणारी आणि ठरवणारी या दोघी वेगळ्या राहिल्या, हे सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

हिशेबाच्या बाबतीत गाडगे महाराजांचं नाव घ्यावंच लागतं. नाशिकला त्यांची धर्मशाळा आहे. गोदावरीवर त्यांच्या नावाचा पूल आहे. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या. आंधळे, लंगडे, महारोगी यांना पोटभर जेवू घातलं. लाखो रुपये लोकांनी त्यांच्या शब्दावर दिले, आणि ते स्वतः मडक्याच्या खापरात जेवले, चिंध्या नेसले. ज्या इमारती बांधल्या, त्या सगळ्या विश्वस्तांच्या ताब्यात दिल्या. आपल्या नातेवाइकांचा त्यावर काही हक्क नाही, असं त्यांनी बजावून ठेवलं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाने सार्वजनिक पैशाचा असा कारभार केला. तेव्हा ‘आम्हाला हिशेब कळत नाही’ ही सबब आपल्याला लावता येणार नाही.

गाडगे महाराजांवर लोकांचा विश्वास होता. पण प्रत्येक संस्थेला गाडगे महाराज मिळत नाहीत, म्हणून कायदा लागतो. 1950 साली मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आला. आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. या कायद्याने प्रत्येक सार्वजनिक ट्रस्टला धर्मादाय आयुक्तांकडे नोंद करावी लागते, विश्वस्त कोण ते कळवावं लागतं, दरवर्षी हिशेब तपासून द्यावा लागतो. नाशिकला त्यांचं कार्यालय आहे. तिथे अर्ज करून संस्थेच्या नोंदीची नक्कल मागता येते. ट्रस्ट कोणी का काढलेला असेना, तो सार्वजनिक झाला की त्याचा हिशेब सगळ्यांचा होतो.

आपल्या जिल्ह्यात या चौकटीत वाढलेल्या कितीतरी संस्था आहेत. पेठ, सुरगाण्याकडच्या आदिवासी मुलांसाठी दादासाहेब बिडकरांनी 1937 साली डांग सेवा मंडळ सुरू केलं. त्याच्या आश्रमशाळांतून शिकलेल्या बाया आज अंगणवाडीत, ग्रामपंचायतीत काम करताना दिसतात. नाशिक शहरात घारपुरे घाटाजवळ आधाराश्रम आहे. टाकून दिलेल्या, अनाथ मुलांना तो 1954 पासून सांभाळतो आहे. अशा संस्थांना सरकारचं काही अनुदान असतं, पण तेवढ्यावर भागत नाही. कोणी वाढदिवसाला एक वेळचं जेवण देतं, कोणी आईच्या नावाने कपाट देतं. अशा रकमांवर या संस्थांची वर्षं निघाली.

2003 सालापासून नाशिकला ‘नाशिक रन’ होतं. जानेवारीत एका शनिवारी सकाळी हजारो लोक पळतात, चालतात. कारखान्यातले कामगार, शाळेची मुलं, म्हातारी माणसं, सगळे येतात. सातपूरच्या कारखान्यांनी आणि तिथल्या कामगारांनी यात पुढाकार घेतला. प्रवेशाचे पैसे आणि कंपन्यांची देणगी ट्रस्टकडे जमा होते आणि त्यातून दिव्यांग, निराधार, आदिवासी मुलांसाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्थांना मदत दिली जाते. पैसा नाशिकचा, जमवणारे नाशिकचे आणि घेणाऱ्या संस्थाही नाशिकच्या. क्लीव्हलंडच्या गॉफने जे सांगितलं, त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी ही आपल्याकडची गोष्ट आहे.

त्यानंतर 2013 चा कंपनी कायदा आला. मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची, असं ठरलं. यालाच सीएसआर म्हणतात. अनाथांची घरं, बायकांची वसतिगृहं, वृद्धाश्रम ही कामं त्या यादीत आहेत. कंपनी जिथे आहे त्याच्या आसपासच्या भागाला आधी द्यावं, असंही कायदा सांगतो. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे इथे कारखाने आहेत. त्यांच्या शेजारच्या गावांना याचा फायदा होतो. पण सुरगाण्याच्या किंवा पेठच्या पाड्यावर कारखाना नाही. तिथली गरज मोठी आणि शेजारी कंपनी नाही, अशी स्थिती आहे. लोकनिधी लागतो तो इथे. तो जिल्हा म्हणून एकत्र विचार करू शकतो आणि सातपूरला जमलेला पैसा सुरगाण्याला पाठवू शकतो.

फंडाची आणखी एक खोड सांगायला हवी. देणाऱ्याला वस्तू द्यायला आवडते. पाण्याची टाकी, संगणक, बाकं यांवर नाव घालता येतं, फोटो काढता येतो. पण रात्री दोन वाजता रडणाऱ्या बाळाला उचलणारी बाई, अंथरुणाला खिळलेल्या आजीचे कपडे बदलणारी ताई, यांच्या पगाराला पैसे मागितले की उत्तर मिळतं, आमच्या फंडात पगार बसत नाही. फंड बहुधा एका वर्षाचा असतो आणि मूल तर अठरा वर्षांचं होईपर्यंत सांभाळायचं असतं. म्हणून चांगल्या संस्था एकाच फंडावर अवलंबून राहत नाहीत. एक मोठा फंड गेला तर संस्था बसते. शंभर मुठींतल्या चार कमी झाल्या तर चूल चालू राहते.

आता आपल्याकडे वळू. उमेद अभियानात आपले गट आहेत, गटांचा ग्रामसंघ आहे. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी येतो. नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे. गावात जी घरं अचानक संकटात सापडतात, त्यांच्यासाठी हा पैसा असतो. नवरा गेलेली बाई, आजारी माणूस, अपंग मूल, उपाशी म्हातारी, अशांना त्यातून आधार द्यायचा. म्हणजे अहिल्याबाईंच्या खासगीचं, कर्मवीरांच्या मुठीचं आणि गॉफच्या समितीचं काम आज तुमच्या ग्रामसंघाच्या सतरंजीवर बसून होतं. फरक एवढाच की, या वेळी मूठ देणारी आणि ठरवणारी एकच आहे. पहिल्यांदाच कमिटीत आपण आहोत.

म्हणून जबाबदारीही आपली आहे. निधी वाटायची वेळ आली की ओळखीच्या घराकडे मन ओढतं. बैठकीला येणाऱ्या बाईचं नाव पटकन सुचतं. गटात नसलेली, वस्तीच्या टोकाला राहणारी, एकटी, बोलता न येणारी बाई राहून जाते. पूर्वीच्या पंगतीत जे जातीने बाहेर राहिले, ते आज आपल्या बैठकीत विसरल्यामुळे बाहेर राहू नयेत. ग्रामसंघाने वर्षातून एकदा सगळ्या घरांची यादी पुढे घेऊन बसावं आणि प्रत्येक घरावर बोट ठेवून विचारावं, इथे काय चाललंय? ज्या घराबद्दल कोणालाच सांगता येत नाही, त्या घरी आधी जावं.

बाहेरची कुठलीही संस्था गावात मदत घेऊन आली तर तिला चहा द्या आणि चार गोष्टी विचारा. तुमची नोंदणी कुठे आहे? हा पैसा कोणाचा? गावातल्या कोणाला घ्यायचं हे कोण ठरवणार? वर्ष संपल्यावर काय होणार? चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. तिच्याकडे उत्तरं तयार असतात.

अजून एक हक्काची गोष्ट. महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी ती रुग्णालयं बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढतात. ही योजना 2006 पासून आहे. नाशिकच्या दवाखान्यात माणूस भरती करायची वेळ आली तर दवाखाना धर्मादाय आहे का, हे दारातच विचारा. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड बरोबर ठेवा. तिथल्या समाजसेवकाला भेटा. हा फंड तुमच्यासाठीच काढलेला आहे. तो मागताना मान खाली घालायचं कारण नाही.

पुढच्या बैठकीत एक काम करून बघा. गटाच्या वहीत एक पान वेगळं काढा. बचत वेगळी, कर्ज वेगळं, आणि हे पान गावातल्या अडलेल्या घरासाठी. दर बैठकीला जमेल ते टाका, पाच रुपये टाका नाहीतर एक मूठ तांदूळ. कोणी किती टाकलं ते लिहा. कोणाला दिलं तेही लिहा. आणि दर महिन्याला ते पान मोठ्याने वाचा, म्हणजे वाचता न येणाऱ्या बाईलाही हिशेब कळेल.